पांगुळगाडा आणि जिन्याची पायरी

जुन्या मराठी घरातील लाकडी सामानात पाट, चौरंग व पाळणा यांच्या जोडीला पांगुळगाडा हमखास असे. तीन लहान चाके, त्यांवर बसविलेला साधा सांगाडा आणि मुलाने दोन्ही हातांनी धरावयाची आडवी दांडी, एवढाच त्याचा पसारा. इंदूर-ग्वाल्हेरकडे शेजारपाजारची हिंदी भाषक मंडळी त्याला गडुलना म्हणत, तर वडोद्याकडे गुजराती घरांत तो चालणगाडी या नावाने ओळखला जाई. गावच्या सुताराने एकदा करून दिलेला पांगुळगाडा घरातील चार-पाच भावंडांना पुरत असे आणि मग तो लेकीच्या सासरी किंवा शेजारच्या घरी जाई. त्याच्या सुरक्षिततेविषयी लेखी नियम नव्हता. तशी गरजही कोणाला भासली नाही, कारण करणारा सुतार आणि वापरणारी आई एकाच गावात राहत. चाक निखळले तर ते गाऱ्हाणे संध्याकाळच्या आत सुताराच्या दारात पोहोचत असे.

आज हेच काम करणारे साधन कारखान्यात तयार होते, खोक्यात भरले जाते आणि जहाजातून दूरदेशी रवाना होते. करणारा आणि वापरणारी यांच्यामध्ये आता समुद्र, आयातदार, ठोक व्यापारी आणि दुकानदार उभे आहेत. सुताराच्या दाराची जागा आता कायद्याने, चाचणीने व प्रमाणपत्राने घेतली आहे. परदेशी माल पाठविणाऱ्यास हे सारे नियम प्रथमदर्शनी जाचक वाटतात. परंतु ते कसे घडत गेले याचा इतिहास पाहिला, तर त्यांतील प्रत्येक कलमामागे कोठेतरी एक मूल पडलेले आढळते. मूल पडले तर दोष कोणाचा, लक्ष न ठेवणाऱ्या आईचा की तशी वस्तू घडविणाऱ्याचा, या एका प्रश्नाभोवती हा इतिहास फिरतो.

आरंभीच दोन साधनांतील भेद स्पष्ट केला पाहिजे. आपला पांगुळगाडा मूल मागून ढकलते. मूल स्वतःच्या पायांवर उभे असते, शरीराचा भार त्याचा त्यालाच पेलावा लागतो आणि गाडा पुढे निसटला तर ते तेथेच बसते. ज्याला आज सर्वत्र बेबी वॉकर किंवा नुसते वॉकर म्हणतात, त्याची रचना निराळी आहे. त्यात खाली चाके असलेले गोल कडे असते, मधोमध कापडी बैठक असते आणि मूल त्या बैठकीत अडकवलेले असते. पाय जमिनीला टेकतात, पण भार बैठकीवर असतो. ज्या मुलाला अजून नीट उभेही राहता येत नाही, ते या साधनामुळे घरभर धावू लागते. मुलाच्या अंगी अद्याप न आलेला वेग हे साधन त्याला उसना देते. पुढील सर्व अनर्थाचे मूळ या उसन्या वेगात आहे.

युरोपात अशी साधने फार पूर्वीपासून होती, याची साक्ष चित्रांतून मिळते. सुमारे 1440 साली नेदरलँड्समध्ये क्लेव्हच्या कॅथरिनसाठी एक सचित्र प्रार्थनापुस्तक तयार झाले. न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात जतन केलेल्या या पुस्तकात पवित्र कुटुंबाचे एक घरगुती चित्र आहे. संत योसेफ लाकूड रंधीत आहेत, पवित्र मरिया मागावर विणीत आहेत आणि बाळ येशू चाकांच्या लाकडी चौकटीत उभा राहून चालावयास शिकत आहे. चित्रकाराने त्या काळच्या सुताराच्या घरात जे पाहिले तेच नाझरेथच्या घरात रंगविले असावे. हिएरोनिमस बॉश या प्रसिद्ध चित्रकाराचेही असेच एक चित्र व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे. त्यात बाळ येशू एका हाताने चालण्याच्या चौकटीचा आधार घेतो आणि त्याच्या दुसऱ्या हातात भिरभिरे आहे.

पुढे या साधनावर टीकाही होऊ लागली. सतराव्या व अठराव्या शतकांत युरोपातील सुखवस्तू घरांत मुलांच्या डोक्याला कापूस भरलेली जाड गादीवजा टोपी बांधीत, म्हणजे पडल्यावर डोके शाबूत राहावे. या टोपीवरूनच पडण्याची भीती किती होती हे कळते. फ्रेंच विचारवंत रूसो याने 1762 साली प्रसिद्ध केलेल्या ‘एमिल’ या ग्रंथात आपल्या कल्पित शिष्याला अशी टोपी, चाकांची गाडी व चालविण्याची दोरी यांपैकी काहीच द्यावयाचे नाही असे ठरविले. मुलाने मोकळ्या कुरणात खेळावे, पडावे व पुन्हा उठावे, असे त्याचे म्हणणे. जर्मन तत्त्ववेत्ता इमान्युएल कांट याने 1784 सालच्या आपल्या प्रबोधनविषयक निबंधात हीच चालण्याची गाडी दृष्टांतासाठी घेतली. स्वतःला पालक म्हणविणारे लोक माणसांना या गाडीबाहेर पाऊल टाकू देत नाहीत आणि बाहेरच्या धोक्यांचीच भीती घालतात, परंतु दोन-चार वेळा पडल्यावर माणूस चालावयास शिकतोच, असा त्याचा आशय होता. कांट बोलत होता तो बुद्धीच्या स्वातंत्र्याविषयी. पण त्याचा दृष्टांत त्या काळच्या वाचकास घरातील अनुभवावरून लगेच उमगला असला पाहिजे.

ही गाडी सुताराच्या हातून कारखान्यात गेली, तेव्हा धोक्याचे स्वरूप पालटले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात धातूच्या नळ्या, प्लॅस्टिकची बैठक आणि सर्व दिशांना फिरणारी गुळगुळीत चाके आली. वॉकर हलके झाले, स्वस्त झाले आणि पाश्चात्त्य देशांत घरोघर पोहोचले. अमेरिकेत त्यांविषयीचा पहिला मध्यवर्ती नियम 1971 सालचा आहे आणि तो बोटांविषयी होता. काही वॉकरांचे पाय कात्रीसारखे एकमेकांवर मिटत. काहींच्या स्प्रिंगा उघड्या असत. त्यांत लहानग्यांची बोटे सापडून चिरडत किंवा तुटत. अशी रचना असलेल्या वस्तूंवर या नियमाने बंदी घातली. 1972 साली ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षिततेसाठी स्वतंत्र आयोग स्थापन करण्याचा कायदा तेथे झाला आणि अशा वस्तूंची देखरेख या आयोगाकडे आली. 1986 साली वस्तूंची मानके ठरविणाऱ्या अमेरिकन संस्थेने वॉकरसाठी ‘एफ 977’ या क्रमांकाचे मानक प्रसिद्ध केले. ते पाळणे उत्पादकांच्या इच्छेवर होते.

बोटे वाचली, पण मोठा धोका पुढेच होता. अमेरिकन घरात वरचा मजला असतो, खाली तळघर असते आणि दोहोंना जोडणारा जिना असतो. रांगते मूल जिन्याच्या कडेशी आले तर हाताने चाचपते, थबकते, आणि घसरलेच तर एखाद-दुसऱ्या पायरीवर अडते. वॉकरमधील मुलाचे हात जमिनीपर्यंत पोहोचत नाहीत. एका सेकंदात तीन फुटांहून अधिक अंतर ते कापू शकते. चाकाला पायरीची कड कळत नाही. पुढचे चाक कडेवरून उतरताच सारे वजन पुढे कलते आणि मूल वॉकरसकट गडगडत जाते. बैठकीत अडकल्यामुळे त्याला अंगही चोरता येत नाही. डोके जड व मान दुबळी असते, म्हणून पहिला आघात डोक्यालाच होतो.

याचे आकडे पाहिले म्हणजे मन विषण्ण होते. 1990 ते 2014 या 25 वर्षांत वॉकरमुळे जखमी होऊन अमेरिकेतील रुग्णालयांच्या तातडीच्या विभागात आणलेल्या 15 महिन्यांखालील मुलांची संख्या 2 लाख 30 हजार 676 इतकी असावी, असा अंदाज 2018 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिला आहे. त्यांतील 90 टक्क्यांहून अधिक मुलांच्या डोक्याला किंवा मानेला इजा झाली होती आणि 74 टक्के मुले जिन्यावरून पडली होती. 1973 ते 1998 या काळात वॉकरमुळे झालेल्या 34 मृत्यूंची नोंद अमेरिकेत झाली. जिन्याखेरीज इतर अपघातही होते. उंची वाढल्यामुळे मूल चुलीवरच्या भांड्याला हात घाली, मेजावरचे कापड ओढून गरम चहा अंगावर पाडून घेई, किंवा उघड्या पाण्याच्या टाक्यात जाऊन पडे.

या अपघातांवर पहिला उपाय योजला तो शब्दांचा. वॉकरवर सूचना छापल्या गेल्या, दवाखान्यांत पत्रके वाटली गेली आणि आईबापांना लक्ष ठेवण्याचा उपदेश करण्यात आला. उपाय स्वस्त होता, आणि त्यात दोष आपोआप घरच्यांवर जाई. सूचना देऊनही मूल पडले, तर लक्ष कोणाचे नव्हते हाच प्रश्न विचारला जाई. 1997 साली अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांनी एका रुग्णालयातील 271 मुलांच्या अपघातांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांतील 69 टक्के प्रसंगी मुलाजवळ कोणीतरी लक्ष ठेवणारे होते. जवळजवळ एकतृतीयांश प्रसंगी तर प्रौढ माणूस तेथे हजर होता. आई खोलीत होती, तिचे लक्षही होते, परंतु सेकंदाला तीन फूट धावणाऱ्या वस्तूपुढे तिचे पाय पुरले नाहीत. सावधगिरीच्या सूचना व लोकशिक्षण असूनही अपघात चालूच राहतात, असा निष्कर्ष या अभ्यासाने काढला. आईच्या निष्काळजीपणाविषयीचा समज या आकड्यांपुढे टिकला नाही.

त्याआधीच वॉकरवर बंदी घालावी अशी मागणी अमेरिकेतील डॉक्टर व ग्राहकसंघटना करू लागल्या होत्या. आयोगाने बंदी घातली नाही. मात्र 1994 साली सक्तीचा नियम करण्याच्या दिशेने पहिले पाऊल उचलले आणि उत्पादकांना आपले मानक सुधारणे भाग पडले. 1997 साली अमलात आलेल्या सुधारित मानकात प्रथमच जिन्याची चाचणी आली. वॉकर एक तर 36 इंच रुंदीच्या दारातून जाऊ नये इतके रुंद असावे, किंवा पायरीच्या कडेशी येताच थांबावे, अशी ही अपेक्षा. थांबण्यासाठी युक्ती साधी होती. वॉकरच्या तळाला रबरी पट्ट्या बसवावयाच्या. एक चाक कडेवरून खाली गेले की तळ जमिनीला टेकतो, पट्टी घर्षणाने रुतते आणि वॉकर जागच्या जागी अडते.

चाचणीची रीतही समजून घेण्यासारखी आहे. लाकडी तक्तपोशीचा एक मंच असतो व त्याची एक बाजू पायरीसारखी उघडी असते. सहा महिन्यांच्या मुलाच्या आकाराचा व वजनाचा बाहुला वॉकरमध्ये बसवितात. वॉकरला दोरी बांधून ती कप्पीवरून नेतात आणि तिच्या टोकाला ठराविक वजन सोडतात, म्हणजे मूल ज्या वेगाने धावेल त्या वेगाने वॉकर कडेकडे जाते. मग ते पुढच्या बाजूने, आडव्या बाजूने व मागच्या बाजूने, असे तिन्ही प्रकारे सोडून पाहतात. मंचावरून खाली पडले तर वॉकर नापास. त्यावर चिकटविलेली सूचना कितीही ठळक असो, या चाचणीत तिला एक गुणही मिळत नाही.

परिणाम थोड्याच वर्षांत दिसून आला. 1990 साली अमेरिकेत वॉकरमुळे जखमी झालेल्या मुलांची अंदाजित संख्या 20 हजार 650 होती. 2003 साली ती 3 हजार 201 वर आली, म्हणजे सुमारे 84 टक्के घट झाली. या घटीची सगळी कारणे एकच नव्हेत. डॉक्टरांच्या उपदेशामुळे वॉकरचा वापर कमी झाला होता आणि चाके नसलेली, एका जागी स्थिर राहणारी खेळण्याची आसनेही बाजारात आली होती. परंतु जिन्यावरून पडण्याचे प्रमाण विशेष घटले, त्यात तळाच्या रबरी पट्टीचा वाटा मोठा होता. इतक्या वर्षांच्या उपदेशाने जे साधले नव्हते, ते वस्तूची घडण पालटल्यावर साधू लागले.

कॅनडाने याहून पुढचे पाऊल टाकले. तेथील व्यापाऱ्यांनी 1989 सालापासून असे वॉकर न विकण्याचे आपण होऊन मान्य केले होते. तरी जुने वॉकर घरगुती विक्रीतून व जुन्या बाजारातून हातोहात फिरत राहिले आणि मुले पडत राहिली. अखेर 7 एप्रिल 2004 रोजी कॅनडाच्या शासनाने वॉकरची आयात, विक्री, पुनर्विक्री व जाहिरात यांवर संपूर्ण बंदी घातली. असे करणारा तो जगातील पहिला देश होय. ज्यांच्या घरी वॉकर होते त्यांना ते कोणाला देऊ नका, मोडून टाका, असे सांगण्यात आले. 2011 साली अमलात आलेल्या नव्या ग्राहकवस्तू-सुरक्षा कायद्यातही ही बंदी कायम राहिली. त्या कायद्यातील व्याख्या लक्षपूर्वक वाचण्याजोगी आहे. चाकांवरचे, मुलाला बसलेल्या वा उभ्या स्थितीत वेढून धरणारे आणि पाय जमिनीला टेकवून पुढे सरकू देणारे साधन बंदीस पात्र ठरते. मागून ढकलावयाचा आपला साधा पांगुळगाडा या व्याख्येत बसत नाही, कारण तो मुलाला वेढीत नाही.

वैद्यांचा दुसराही एक आक्षेप पुढे आला. वॉकरमुळे मूल लवकर चालते, या समजुतीनेच आईबाप ते विकत घेतात. 1999 साली अमेरिकेत 109 मुलांची पाहणी झाली. वॉकर वापरलेली मुले बसणे, रांगणे व चालणे या तिन्ही गोष्टी उशिरा शिकल्याचे तीत आढळले. समोरच्या तबकामुळे मुलाला स्वतःची पावले दिसत नाहीत, आणि जे पाऊल दिसत नाही त्याचा तोल शिकणेही कठीण जाते, अशी त्याची मीमांसा करण्यात आली. 2002 साली आयर्लंडमधील 190 मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वॉकरमध्ये घालविलेल्या प्रत्येक एकूण 24 तासांमागे मूल आधाराविना चालण्यास सुमारे 3.3 दिवस उशीर झाल्याचे त्यात दिसले. 2001 साली अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने चाकांच्या वॉकरचे उत्पादन व विक्री बंद करावी असा स्पष्ट ठराव केला. सक्तीची चाचणी आली तरी डॉक्टरांचे मत पालटलेले नाही, ही गोष्ट निर्यातदारानेही ध्यानात ठेवली पाहिजे. चाचणीत उत्तीर्ण झालेली वस्तू विकता येते. मुलाला तिची गरज असतेच असे नाही.

स्वेच्छेचे मानक सक्तीचे होण्यास अमेरिकेत 2010 साल उजाडले. त्यामागे एका बालकाच्या मृत्यूची कथा आहे. 1998 साली शिकागो येथे डॅनी कीझर नावाचे 16 महिन्यांचे मूल पाळणाघरातील घडीच्या खाटेत मान अडकून मरण पावले. ती खाट धोकादायक म्हणून पाच वर्षांपूर्वीच बाजारातून परत मागविण्यात आली होती, पण ही वार्ता त्या पाळणाघरापर्यंत पोहोचलीच नव्हती. 2008 सालच्या ग्राहकवस्तू-सुरक्षा सुधारणा कायद्यातील एका प्रकरणास या मुलाचे नाव देण्यात आले. वॉकर, खाट, उंच खुर्ची अशा टिकाऊ बालवस्तूंबरोबर टपालखर्च भरलेले नोंदणीपत्रक देणे त्यान्वये सक्तीचे झाले. ग्राहकाने ते भरून पाठविले की पुढे दोष आढळल्यास उत्पादकाला त्या घरी कळविता येते. त्याच कायद्याच्या आधारे वॉकरचे मानक कायद्यात आले आणि 21 डिसेंबर 2010 पासून अमलात आले. युरोपच्या मानकातील थांबा-कळीची चाचणीही त्यात घालण्यात आली.

युरोपातही वॉकरसाठी ‘ईएन 1273’ हे मानक आहे. त्याच्या 2001, 2005 व 2020 अशा आवृत्त्या निघाल्या. येथे निर्यातदार पुष्कळदा एका ठिकाणी अडखळतो. युरोपात खेळण्यावर ‘सीई’ ही खूण असावी लागते. परंतु वॉकर हे खेळणे नव्हे, बालसंगोपनाची वस्तू आहे. तिला सर्वसाधारण वस्तू-सुरक्षेचे नियम लागू होतात. वॉकरच्या तबकावर खुळखुळा किंवा भिरभिरे बसविले, तर त्या भागाला मात्र खेळण्यांचे नियम लागू पडतात. एकाच वस्तूची अशी दोन अंगे दोन कायद्यांखाली येतात. 13 डिसेंबर 2024 पासून युरोपीय संघात वस्तू-सुरक्षेचा नवा अधिनियम लागू झाला आहे. त्यानुसार युरोपात राहणारी व वस्तूबद्दल जबाबदार असणारी व्यक्ती वा पेढी दाखविल्याखेरीज माल बाजारात आणता येत नाही. उत्पादकाने आपले तांत्रिक कागद दहा वर्षे जपावे लागतात. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड या देशांतही वॉकरसाठी सक्तीचे नियम असून जिन्याच्या चाचणीवर त्यांचा भर आहे.

म्हणून परदेशी वॉकर पाठविणाऱ्याचे पहिले काम माल बनविण्याचे नसून देश ओळखण्याचे आहे. कॅनडासाठी कोणतीही चाचणी नाही. तेथे माल पाठवावयाचाच नाही. अमेरिकेसाठी आयोगाने मान्य केलेल्या त्रयस्थ प्रयोगशाळेत नमुन्याची चाचणी करून घ्यावी लागते, तिच्या आधारावर बालवस्तूचे प्रमाणपत्र तयार होते आणि ते देण्याची जबाबदारी तेथील आयातदारावर असते. वस्तूवर न पुसणारी खूण लागते, म्हणजे कोणत्या कारखान्यात व केव्हा हा नग तयार झाला हे शोधता येते. रंगातील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत 90 भागांहून अधिक चालत नाही. 2009 सालापूर्वी ही मर्यादा 600 होती. प्लॅस्टिक मऊ करण्यासाठी वापरली जाणारी थॅलेट वर्गातील आठ रसायने प्रत्येकी 0.1 टक्क्यापेक्षा जास्त असता कामा नयेत. नमुना एकदा पास झाला म्हणजे काम संपले असेही नाही. रबरी पट्टीचा पुरवठादार बदलला, पट्टी थोडी कडक आली, चाकाचा व्यास किंचित वाढला, तरी कडेशी थांबण्याचा गुण नाहीसा होऊ शकतो. त्यामुळे घटक बदलला की चाचणी पुन्हा करावी लागते.

लाकडी खेळण्यांची परंपरा असलेल्या आपल्या भागालाही हा विषय परका नाही. सावंतवाडीच्या चितार आळीतील रंगीत खेळणी आणि बेळगाव जिल्ह्यातील गोकाकची लाकडी फळे व बाहुल्या यांची कीर्ती जुनी आहे. अशा हातांनी घडविलेला ढकलावयाचा पांगुळगाडा परदेशी गेला, तर त्याची गणना बहुधा चाकाच्या खेळण्यात होईल. त्याची कसोटी जिन्याच्या मंचावर होणार नाही. तो उलटतो का, त्याची कुसळे बोचतात का, त्याचे लहान भाग निखळतात का आणि त्याच्या रंगात शिसे किती आहे, हे पाहिले जाईल. भारतात घरगुती रंगांतील शिशावर 90 भागांची मर्यादा 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. 14 वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांसाठी भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह 1 जानेवारी 2021 पासून सक्तीचे झाले. हस्तकलेच्या नोंदणीकृत कारागिरांना त्यातून सूट मिळाली आणि निर्यातीच्या मालालाही हा आदेश लागू नाही. सुटीचा हेतू कारागिरास जगविण्याचा आहे. पण परदेशच्या बंदरात ही सूट कोणी विचारात घेत नाही, आणि रंग चाटणाऱ्या मुलाला तर ती मुळीच ठाऊक नसते.

या इतिहासाचा शेवट झालेला नाही. 2024 व 2025 या वर्षांतही अमेरिकेच्या आयोगाने परदेशांतून आलेल्या अनेक वॉकरांविरुद्ध इशारे दिले व काही माल परत मागविला. कारणे तीच जुनी होती. वॉकर साध्या दारातून पार होते आणि पायरीच्या कडेशी थांबत नाही. काहींत पायांसाठी ठेवलेली जागा इतकी सैल की मूल खाली घसरते आणि मान अडकते. जो धडा 1997 सालीच मानकात लिहिला गेला, तो न वाचताच हा माल तयार झाला होता.

यातून एक प्रश्न आपल्या घरापर्यंत येतो. जुन्या मराठी घराला प्रत्येक दारात उंबरठा होता. ओटी, माजघर व पडवी यांच्या मधले ते लाकूड ओलांडणे पांगुळगाड्याला सहसा जमत नसे. उंबरठ्याने नकळत तेच काम केले, जे पुढे रबरी पट्टीने केले. आता शहरांतील सदनिकांत उंबरठे गेले, फरशा गुळगुळीत झाल्या आणि दारापासून जिन्यापर्यंत चाक अडविणारे काहीच उरले नाही. जो कारखानदार परदेशी मालाला रबरी पट्टी लावतो, त्याने आपल्याच गावच्या बाजारात पट्टीविना माल सोडला, तर त्याने नियम पाळला असेल, पण त्या नियमाचे कारण त्याला कळलेले नाही. शिकागो किंवा हँबुर्गच्या मुलाचे डोके आणि वडोदरा, हैदराबाद किंवा मडगावच्या मुलाचे डोके सारखेच नाजूक असते.

गावचा सुतार शिकलेला नव्हता आणि त्याच्याजवळ प्रमाणपत्र नव्हते. पण त्याने केलेला गाडा कोणाच्या हाती जाणार हे त्याला ठाऊक असे, आणि चाक बसविताना ते मूल त्याच्या डोळ्यांपुढे असे. आजच्या निर्यातदाराला ते मूल दिसत नाही. मंचावरचा बाहुला, नोंदणीपत्रक आणि न पुसणारी खूण यांची योजना त्यासाठीच झाली आहे. न दिसणाऱ्या मुलाचा विचार करणाऱ्याने करावा, असे हे नियम सांगतात. आईने लक्ष ठेवावे हे खरेच. पण तिची नजर क्षणभर दुसरीकडे वळली तरी मूल सुखरूप राहील, अशी वस्तू तिच्या हाती देणे हे घडविणाऱ्याचे कर्तव्य आहे.